फळ्यावरून पुसलेली ओळ

मी चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर विड्या वळल्या, टॉवेलच्या कारखान्यात काम केलं, लोकांची धुणीभांडी केली. यात सांगण्यासारखं काही नाही. सोलापुरात माझ्या वयाच्या निम्म्या बायकांनी हेच केलं. सांगण्यासारखं एवढंच, की पन्नाशी उलटल्यावर मी मोटारींच्या एका शोरूममध्ये झाडायला-पुसायला लागले, आणि पुढे तिथल्या सर्व्हिसिंगच्या दरांचा फळा लिहायला लागले. आठ वर्षं लिहिला. माझ्या त्या फळ्यानं एका माणसाच्या गाडीचं इंजिन खाल्लं. ते कसं, ते लिहिते.

ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांना आधी धंदा सांगायला हवा. गाडी विकून शोरूमला फार सुटत नाही. सुटतं ते मागच्या बाजूला, सर्व्हिसिंगमध्ये. गाडी ठरावीक किलोमीटर चालली की आणायची. इंजिनातलं तेल बदलतात, फिल्टर बदलतात, ब्रेक साफ करतात, धुऊन देतात. तेलाचा आणि सुट्या भागांचा भाव कंपनी ठरवते. मजुरी शोरूम ठरवतं. त्याशिवाय जास्तीची कामं असतात, एसीत फवारा मारणं, गाडीला खालून काळा थर देणं, सीटा धुणं. ती गिऱ्हाइकाचा चेहरा बघून सुचवतात. पहिल्या तीन सर्व्हिसिंग फ्री असतात, आणि बहुतेक भांडणं या फ्रीवरूनच होतात.

माझा नंबर अशाच एका भांडणात लागला. मंगळवेढ्याचे एक ज्वारीचे व्यापारी पहिल्या फ्री सर्व्हिसिंगला आले होते. बिल हातात पडल्यावर ते काउंटरसमोरच्या खुर्चीत जे बसले ते उठेनात. काउंटरवरची मुलगी त्यांना 'लेबर फ्री आहे सर, कन्झ्युमेबल्स चार्जेबल आहेत' हेच तीन वेळा म्हणाली. ते तिला म्हणाले, "लग्नाची पत्रिका देता आन पंगतीत ताटाचं पैसं मागता व्हय?" लोक हसले. मुलगी रडकुंडीला आली. मी त्यांच्या खुर्चीखालची फरशी पुसत होते. त्यांना पाय वर घ्यायला सांगितलं आणि त्याच दमात म्हटलं, "शिलाई फुकट हाय मालक. कापड तुमचं."

त्यांनी पाय वर घेतले. बिल पुन्हा बघून म्हणाले, "मग असं सांगा की." आणि पैसे भरून गेले.

हे सर्व्हिस मॅनेजर बिराजदार साहेबांनी काचेतून पाहिलं. साहेब अक्कलकोटकडचे, घरी कानडी, मराठी मोजून बोलायचे. दुसऱ्या दिवशी आत बोलावून त्यांनी विचारलं, लिहिता येतं का. मी सांगितलं, चौथीपर्यंतचं येतं. त्यांनी चार ओळी लिहायला लावल्या. अक्षर माझं चांगलं आहे. शाळेत बाई वळणाच्या मागे लागायच्या, आणि पुढे ते बिघडेल एवढं लिहिणं कधी झालंच नाही.

साहेबांनी समोरच्या भिंतीवर प्लायवूडचा हिरवा फळा लावून घेतला आणि एक पद्धत घातली. दर महिन्याच्या एक तारखेला, दार उघडण्याआधी, ते कंपनीचा कागद घेऊन उभे राहायचे. मी स्टुलावर बसायची. ते एक ओळ वाचायचे, मी ती माझ्या शब्दांत परत सांगायची. सांगता आली तर फळ्यावर. नाही आली तर ते पुन्हा समजावायचे. तीनदा समजावूनही जमलं नाही तर ती ओळ फळ्यावर जायची नाही. "जे मावशींना कळलं नाही ते भिंतीवर नको," असं म्हणायचे. यात माझा मान वगैरे काही नव्हता. सगळ्या शोरूममध्ये सगळ्यात कमी शिकलेली मी, म्हणून त्या कामाची.

कामात मला गोडी लागली हे मात्र खरं. 'फ्री सर्व्हिस' खोडून मी 'मजुरी फुकट, तेल-फिल्टरचे पैसे पडतील' असं लिहिलं. गाडी विकणारी पोरं चिडली. गिऱ्हाईक दारातच वाचतं म्हणाली. वाचू दे, म्हटलं, नंतर खुर्चीत बसून राहण्यापेक्षा बरं. 'व्हील अलाइनमेंट'ला मी 'चाकं सरळ करणे' लिहिलं, तर माळशिरसचे एक डॉक्टर म्हणाले, माझी चाकं वाकडी आहेत असं कोण म्हणतंय, लिहिणारीला बोलवा. मी ओल्या हातानं गेले. मग 'चाकांची दिशा जुळवणे' केलं. ते म्हणाले, आता कसं. आणि काम करून घेतलं.

एकदा 'इंजिन डीकार्बनायझेशन' असं लांबलचक आलं. साहेबांनी दोनदा समजावलं, की इंजिनात काजळी धरते ती औषध सोडून काढायची. मी विचारलं, काल घेतलेल्या गाडीत काजळी किती धरली असेल? साहेबांनी तिसऱ्यांदा समजावलं नाही. ती ओळ फळ्यावर गेली नाही. काउंटरवरच्या मंडळींना त्या कामावर कमिशन होतं. त्यांनी दोन महिने मला चहा विचारला नाही. अर्थात फळ्यावर नसलं तरी ते तोंडानं विकलं जातच होतं. मला दिसत होतं आणि मी गप्प होते. माझा पगार त्याच पैशातून निघायचा.

या धंद्यातली खरी गोष्ट म्हणजे धुणं. गिऱ्हाईक इंजिन उघडून बघत नाही, उघडलं तरी त्याला कळत नाही. गाडी चकचकीत मिळाली की काम चांगलं झालं. शहराच्या पूर्व भागात चादरींचा कारखाना असलेल्या एक तेलुगू बाई यायच्या. त्या पांढरा रुमाल घेऊन एसीच्या जाळीवर फिरवायच्या. रुमाल मळला की बिलात सूट मागायच्या. तेल नवं घातलं का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

मग एका उन्हाळ्यात पाणीच संपलं. नळाला सहा-सहा दिवसांनी पाणी, शोरूमची बोअर कोरडी. टँकर घेऊन गाड्या धुणं परवडेना, म्हणून ओल्या फडक्यानं पुसून द्यायला लागलो. रोज चार-पाच भांडणं. धुतली नाही तर पैसे कमी करा, असं जो तो म्हणायचा. धुण्याचे पैसे आधीच कमी केलेले असायचे, पण ते बिलात कुठेतरी आत, कुणी बघत नव्हतं. साहेब पुण्याला मीटिंगला जाताना सांगून गेले, की मावशी, हे फळ्यावर घ्या.

फळा भरलेला होता. जागा करायची तर एक ओळ पुसायला हवी होती. सगळ्यात खाली लिहिलेलं होतं, 'किलोमीटर झाले नाहीत तरी सहा महिन्यांनी गाडी आणावी.'

ही ओळ साहेबांनी वाचली तेव्हा मी ती बरोबर परत सांगितली होती. म्हणजे कळली होती. पण मला ती पटली नव्हती. माझा नवरा टेम्पो चालवायचा. तो तेल किलोमीटर बघून बदलायचा. उभ्या गाडीचं तेल कशानं खराब होणार? स्वयंपाकघरात डब्यातलं तेल सहा महिने राहतं की. कंपनीला गिऱ्हाईक बोलावून घ्यायचं असतं, त्यासाठीचा हा नियम, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. ती ओळ मी पुसली. त्या जागी लिहिलं, 'पाणी नाही. गाडी ओल्या फडक्याने पुसून मिळेल. धुण्याचे पैसे धरलेले नाहीत.' भांडणं त्या दिवसापासून थांबली. मी स्वतःवर खूश होते.

पावसाळ्यात बोअरला पाणी आलं. पाण्याची ओळ पुसली, तिथे ब्रेक ऑइलचा नवा दर आला. जुनी ओळ परत आली नाही. साहेब एक तारखेला बदललेल्या ओळीच वाचायचे, आणि तो नियम कधी बदलत नव्हता. त्यांना वाटत राहिलं की तो फळ्यावर आहे. रोज समोरून जाणारा माणूस फळा वाचत नसतो.

त्या उन्हाळ्यातच टेंभुर्णीचे रशीदभाई पहिल्या सर्व्हिसिंगला आले होते. एसटीचे रिटायर ड्रायव्हर. सगळ्या नोकरीत एक अपघात नाही, आणि हे ते कुणी विचारलं नाही तरी सांगायचे. रिटायर झाल्यावर मिळालेल्या पैशातून लहान गाडी घेतली होती. गाडी धुऊन मिळणार नाही म्हटल्यावर त्यांनी हुज्जत घातली नाही. माणसाला प्यायला न्हाय तर गाडीला कुठलं, म्हणाले. मग खिशातून डायरी काढून फळ्यासमोर उभे राहिले आणि वरपासून खालपर्यंत सगळा फळा उतरवून घेतला. मी म्हटलं, कशाला एवढं लिवताय, गाडीबरोबर पुस्तक देतात की.

"पुस्तक इंग्लिशमध्ये हाय बाई," ते म्हणाले. "आन डेपोत फळ्यावर लिवलंय तोच हुकूम. कागद सायबांसाठी असतोय."

एसटीत ड्युटी फळ्यावर लागते. फळा वाचायचा आणि गाडी काढायची. सगळी नोकरी त्यांनी फळ्यावर केली. मला ते ऐकून बरं वाटलं, हेही लिहून टाकते.

पुढच्या पावणेदोन वर्षांत ते आले नाहीत. शोरूममधून आठवणीचे फोन जातात, पण त्यांच्या नावापुढे मुलाचा नंबर होता आणि मुलगा नोकरीला सौदीला गेलेला. फोन बंद लागायचा. मग एक दिवस त्यांची गाडी क्रेनला लटकून आली. मोहोळच्या अलीकडे बंद पडली होती. खालचा बोल्ट काढला तर तेल गळेना, डांबरासारखं लोंबायला लागलं. इंजिन जाम. गाडी पाच हजार किलोमीटरही चालली नव्हती.

साहेबांनी मला नंतर समजावलं. गावातल्या गावात, थोडी थोडी चालवलेल्या गाडीचं इंजिन पुरतं तापत नाही. तेलात पाणी धरतं, त्याचा चिखल होतो. म्हणजे कमी चालणाऱ्या गाडीलाच त्या सहा महिन्यांच्या नियमाची गरज जास्त. डब्यातल्या तेलाचा इथे काही संबंध नव्हता.

इंजिन बदलायला रशीदभाईंच्या गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा लागणार होता. वॉरंटीत बसतं का ते बघायला पुण्याहून कंपनीचा माणूस आला. तरुण, स्वच्छ कपड्यातला, घाईत असलेला. त्याने पुस्तिका उघडून अट दाखवली आणि आपल्या कागदावर निकाल लिहिला. साहेबांनी तो रशीदभाईंना मराठीत वाचून दाखवला. सर्व्हिसिंग वेळेवर न केल्यामुळे, मालकाच्या हयगयीमुळे इंजिन निकामी, वॉरंटी लागू नाही.

रशीदभाईंनी पुन्हा वाचायला सांगितलं. साहेबांनी वाचलं. मग ते म्हणाले, "इंजिनाचं नंतर बघू. हयगय कुनाची लिवलंय हे?"

त्यांनी डायरी काढली. पहिली सर्व्हिसिंग एक हजार किलोमीटरला, दुसरी पाच हजारला, सगळं ओळीनं. गाडी अजून पाच हजाराला पोचली नव्हती. कंपनीचा माणूस म्हणाला, यांनी महिन्यांची ओळ उतरवून घेतली नसेल. साहेबांनी फळ्याकडे पाहिलं. ती ओळ नाही हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पण ते सरळ माणूस, त्यांना जे माहीत होतं ते म्हणाले.

"आत्ता नाही दिसत. पण तेव्हा होती. मी स्वतः लिहून घेतली होती."

म्हणजे रशीदभाई एक तर चुकार ठरले, नाही तर खोटारडे. मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभी होते. खरं काय ते त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं.

मी एकसष्ट वर्षांची झाले होते, नोकरी कायम नव्हती, दुसरीकडे कुणी घेतलं नसतं. रिकामे कप गोळा केले आणि मोरीपर्यंत गेले. एक कप विसळला. मग परत आले. रशीदभाईंनी डायरी मिटली होती आणि ते कुणाकडे न बघता टोपी नीट करत होते.

मी साहेबांना म्हटलं, "डायरीतली शेवटची ओळ वाचा."

रशीदभाईंनीच उघडून वाचली. पाणी नाही, गाडी ओल्या फडक्याने पुसून मिळेल.

"त्या जागेवर तुमची ओळ व्हती सायेब. जागा पायजे म्हणून मी पुसली. ह्ये आले तेव्हा जेवढं व्हतं तेवढं सगळं ह्यांनी लिवलंय."

कंपनीच्या माणसानं विचारलं, या कोण? मी सांगितलं, झाडूवाली. तो साहेबांना म्हणाला, "तुमच्याकडे कंपनीच्या अटी झाडूवाली लिहिते?"

"हो," साहेब म्हणाले. "माझ्या सांगण्यावरून."

ते 'पुसतेही माझ्या सांगण्यावरून' असं म्हणाले नाहीत, कारण ते खरं नव्हतं. पण मी परस्पर पुसलं असंही म्हणाले नाहीत.

कंपनीनं पैसे दिले नाहीत. पुस्तिकेत अट होती, फळा त्यांचा नव्हता. शोरूमच्या मालकांनी मजुरी सोडली आणि सुट्या भागांचा निम्मा खर्च उचलला. उरलेला रशीदभाईंनी भरला. मी काही दिलं नाही. माझ्याकडे नव्हतं, आणि असतं तर दिलं असतं का, हे आज सांगता येत नाही. बिराजदार साहेबांना वरून पत्र आलं, त्यांची बढती अडली. मला ते रागावले नाहीत. एक तारखेला मी स्टुलावर बसले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "ती ओळ तुम्हाला कळली होती ना?"

"कळली व्हती. पटली नव्हती."

"पटायला नव्हती दिली मावशी. लिहायला दिली होती."

रशीदभाईंनी निम्म्या खर्चाला होकार देताना एकच अट घातली. हयगय हा शब्द काढा. कंपनीच्या कागदावरून तो निघणार नव्हता. मग साहेबांनी शोरूमच्या कागदावर वेगळं लिहून दिलं, की फळ्यावरील सूचना अपुरी होती, मालकांनी फळ्याप्रमाणे गाडी वापरली, मालकांची हयगय नाही. सही केली, शिक्का मारला. रशीदभाईंनी कागद वाचला आणि परत पुढे सरकवला.

"ह्यांची बी सही पायजे. फळा ह्यांनी लिवलाय."

मी साहेबांच्या सहीखाली माझं पूर्ण नाव लिहिलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं.

"अक्षर लई सुरेख हाय बाई तुमचं," ते म्हणाले. "म्हणून तर फसलो."

कागदाची घडी डायरीत घालून ते गेले. पुढे दर सहा महिन्यांनी, दिवस न चुकवता यायचे. डायरी काढायचे नाहीत. फळ्यासमोर उभे राहून मला मोठ्यानं विचारायचे, "बाई, औंदा काय पुसलंय?" काउंटरवरची मंडळी हसायची. मी हसत नव्हते आणि तेही हसत नव्हते.

ती ओळ मी परत लिहिली होती. या वेळी खडूनं लिहिली नाही. पेंटरकडून पांढरा ऑइलपेंट आणला आणि सगळ्यात वर, पहिल्या जागी लिहिली. साहेब म्हणाले, उद्या कंपनीनं नियम बदलला तर? मी म्हटलं, तर फळा बदला.

फळा बदललाच. साहेब दुसऱ्या शोरूमला गेले आणि नवीन मॅनेजरांनी भिंतीवर टीव्ही लावला. त्याच्यावर दर सरकत जातात, सगळ्या अटी असतात, बारीक अक्षरात आणि पूर्ण. समोर लोक मोबाइल बघत बसतात. एक तारखेचं वाचन बंद झालं. मी आणखी दीड वर्ष फरशी पुसली आणि नोकरी सोडली. निघताना गोदामात पडलेला फळा मागितला. घेऊन जा म्हणाले.

तो आता माझ्या अंगणातल्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून आहे. मापाला बरोबर बसला. खडूचं सगळं केव्हाच धुऊन गेलं. वरची ऑइलपेंटची एक ओळ तेवढी राहिली आहे. पाणी आलं की शेजारीण घागर भरायला येते. तिनं परवा ती वाचली आणि विचारलं, कुठली गाडी हाय तुमची?

मी म्हटलं, टेंभुर्णीच्या एका माणसाची.